खड्डा भरेल म्हणून भिऊ नका

रोवणीवरून दमून आल्या असाल, जरा टेका. आज बोलायचं आहे संडासाच्या खड्ड्याबद्दल. हसू नका, बाईच्या तब्येतीशी त्याचा संबंध आहे.

संत गाडगेबाबांच्या नावाचं ग्रामस्वच्छता अभियान आपल्या राज्यात २००० साली आलं. मग २ ऑक्टोबर २०१४ ला स्वच्छ भारत अभियान सुरू झालं. पात्र कुटुंबांना १२ हजार रुपये मिळाले, अंगणात संडास उभे राहिले. तरी आपल्या मोहाडीकडे गटाच्या बैठकीत अजून ऐकू येतं, "रोज वापरला तर खड्डा भरून जाईल ना!" मग पुरुष जातात बांधीकडे. बाई मात्र अंधाराची वाट पाहते. तहान लागली तरी पाणी पीत नाही आणि लघवीची जळजळ सोसत बसते.

मैत्रिणींनो, खड्डा इतक्या लवकर भरत नाही. पाणी विटांच्या जाळीतून जमिनीत मुरतं, मागे थोडाच गाळ उरतो. पाच-सहा माणसांच्या घराला एक खड्डा काही वर्षं पुरतो. तो भरला की दुसरा सुरू करायचा आणि पहिला किमान दीड वर्ष बंद ठेवायचा. आत कोरडं, बिनवासाचं खत तयार होतं. फेब्रुवारी २०१७ मध्ये तेलंगणातल्या गंगादेवीपल्ली गावात केंद्राच्या स्वच्छता खात्याचे सचिव परमेश्वरन अय्यर स्वतः अशा खड्ड्यात उतरले आणि त्यांनी हातांनी खत बाहेर काढलं.

तीन गोष्टी सांभाळा. एकावेळी एकच खड्डा चालू हवा. संडासामागच्या छोट्या टाकीचं झाकण उघडून पाहा, दुसऱ्या खड्ड्याचं तोंड विटेनं बंद आहे ना? दोन्ही उघडे असतील तर दोन्ही एकदमच भरतील. दुसरी गोष्ट, ॲसिड-फिनाईल ओतू नका. गाळाचं खत करणारे जंतू त्यानं मरतात. भांड्याला ब्रश आणि थोडी साबणपूड पुरते. तिसरी, न्हाणीचं सांडपाणी या खड्ड्यात सोडू नका.

आणि नवा खड्डा खोदणार असाल, तर विहीर-बोअरपासून निदान १० मीटर दूर खोदा. आपल्याकडे धानाच्या दिवसांत जमिनीतलं पाणी वर येतं, म्हणून खड्डा उथळ आणि जोतं उंच ठेवा.

पुढच्या बैठकीला हिशेबाची वही मिटली की एकीच्या घरी सगळ्या मिळून जा आणि ते झाकण उघडून पाहा. सासूबाईंना, मामाजींनाही दाखवा. मनातली भीती गेली की घरातली प्रत्येक बाई पोटभर पाणी पिईल.