मर्जी कोणाची?

'ऑप्शनल', 'व्हॉलंटरी' आणि 'डिस्क्रिशनरी' हे इंग्रजी शब्द आम्ही कामगार शाळेत नव्हे, नोटीसबोर्डावर शिकलो. तिन्हींचा अर्थ मर्जीवर सोडलेले. पण मर्जी कोणाची? पहिल्या दोहोंत घेणाऱ्याची, तिसऱ्यात देणाऱ्याची. १९२४ साली मुंबईचे गिरणी कामगार बोनससाठी संपावर गेले, तेव्हा मालक म्हणाले, बोनस ही आमची खुशी. चौकशी समितीनेही तो कायदेशीर हक्क मानला नाही. १९६५ च्या कायद्याने त्या खुशीचा हक्क झाला. 'व्हॉलंटरी' निवृत्तीच्या अर्जावर मात्र सही कामगाराची आणि मर्जी मालकाची, असे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे. तेव्हा असा शब्द समोर आला, की सही करण्यापूर्वी एवढेच विचारावे: 'नाही' म्हटले, तर काय होईल?