आधी कस, मग खर्च

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आपल्या खानापूर-आटपाडी भागातली माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली आहेत. परराज्यातल्या एखाद्या सराफकट्ट्यात अचानक आपली बोली कानावर येते आणि चौकशी केली, तर माणूस विट्याच्या आसपासचा निघतो. या मंडळींचा एक साधा नियम आहे. सोनं हातात आलं की आधी कस लावून बघायचा, मग भट्टी पेटवायची. आज मी बोलणार आहे ते मात्र सोन्याबद्दल नाही. कमी पैशात जुळवलेल्या कॉम्प्युटरवर गेम अडकत, रखडत का चालतात आणि त्यावर उपाय काय, हा आजचा विषय आहे. ऐकायला पोरखेळ वाटेल. पण ज्या घरातून त्यापायी दहा-बारा हजार रुपये जायची वेळ येते, त्या घराला तो पोरखेळ राहत नाही. आणि नियम तोच आहे : आधी कस, मग खर्च.

विट्यात मी कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. एका उन्हाळ्यात एक गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन आले. मजुरीवर चार माग चालवणारे. मुलगा अकरावीचा. दहावीला चांगले गुण पडले म्हणून त्यांनी त्याला कॉम्प्युटर जुळवून दिला होता. काही महिने तो छान चालला. आता मुलगा म्हणत होता, "सर, गेम खेळताच येत नाही. कार्ड बदलायला लागणार."

वडील म्हणाले, "सर, ह्येचं कार्ड म्हंजे बारा हजार. सध्या मागाला काम न्हाई. लागतच असंल तर घालतो कुठनंतरी. पण खरं काय त्ये तुमी सांगा."

मुलगा मान खाली घालून उभा होता. त्याला वाटत होतं, वडिलांना आपलं पटत नाही. वडिलांना वाटत होतं, पोरगं उगीच हट्ट करतंय. दोघांपैकी कुणीच खोटं बोलत नव्हतं, हे पुढं कळलं.

आधी हे यंत्र काय करतं ते बघू. गेम म्हणजे भरभर बदलणारी चित्रं. त्यातल्या एकेका चित्राला फ्रेम म्हणतात. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमसाठी साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. ३० वर भागत असेल तर ३३.३. एवढ्या वेळात दोन कामं व्हावी लागतात. कोण कुठे पळाला, गाडी कशाला धडकली, हे प्रोसेसर ठरवतो. ते दृश्य रंगवून दाखवायचं काम ग्राफिक्स कार्ड करतं. मागवाल्यांना हे लगेच समजेल. माग कितीही चांगला असो, कांड्या वेळेवर भरून आल्या नाहीत तर तो थांबणारच. तिथं माग बदलून काय उपयोग? उलट मागच धीमा असेल, तर कांड्यांचा ढीग लावूनही कापड वाढत नाही. तेव्हा अडलंय कुठं, हे आधी शोधायचं.

त्यासाठी मी प्रत्येकाला पहिला प्रश्न विचारतो : गेम नेमका कसा अडकतो? याची चार उत्तरं येतात. पहिलं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच धीमा. दुसरं, सुरुवातीला छान आणि दहा-पंधरा मिनिटांनी धीमा. तिसरं, एरवी ठीक, पण मध्येच क्षणभर गोठतो. चौथं, चित्र सुरळीत हलतं, पण समोरचा खेळाडू इथून तिथं उड्या मारतो, गोळी लागूनही मरत नाही. हे चौथं दुखणं कॉम्प्युटरचं नाहीच, ते इंटरनेटचं आहे. वायफायचा राउटर दोन भिंतींपलीकडे असतो, घरातली बाकीची मंडळी मोबाईलवर व्हिडिओ बघत असतात. तिथं ग्राफिक्स कार्ड बदलणं म्हणजे पोट दुखतंय म्हणून चष्मा बदलणं. राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत केबल ओढून बघावी, बहुतेक वेळा फरक पडतो.

दुसरी पायरी आकडे बघण्याची. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्स या सदरात प्रोसेसर, रॅम, डिस्क आणि ग्राफिक्स कार्ड किती कामात आहे त्याचे आलेख दिसतात. आलेख मागच्या ६० सेकंदांचा असतो. म्हणून तो आधी उघडून ठेवावा, थोडा वेळ खेळावं आणि लगेच येऊन बघावं. ग्राफिक्स कार्ड ९५ ते १०० टक्के कामात असेल, तर ते आपल्या ताकदीच्या टोकाला पोचलंय. कार्ड निम्मंच कामात आणि तरी गेम धीमा असेल, तर कांड्या कमी पडताहेत, म्हणजे दोष दुसरीकडे आहे. इथं एक फसगत होते. प्रोसेसरचा आकडा ४० टक्के दिसतो आणि आपल्याला वाटतं, तो तर मोकळाच आहे. पण प्रोसेसरमध्ये अनेक कोअर असतात, आणि गेमचं मुख्य काम बरेचदा एकदोन कोअरवरच येऊन पडतं. चौघांपैकी एकटाच ओझं वाहत असेल, तर सरासरी काढून त्याची दमछाक कळत नाही.

आकडे वाचायचा कंटाळा असेल तर एक सोपी परीक्षा सांगतो. गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन १९२० बाय १०८० वरून १२८० बाय ७२० करा. पहिल्यात एका चित्रात २०,७३,६०० ठिपके रंगवावे लागतात, दुसऱ्यात ९,२१,६००, म्हणजे निम्म्याहून कमी. कार्डाचं काम इतकं हलकं झाल्यावर वेग चांगला वाढला, तर अडचण कार्डाची. वेग जिथल्या तिथं राहिला, तर कार्ड निर्दोष. या परीक्षेला एक पैसा लागत नाही. हाच आपला कस.

आता त्या मुलाकडे येतो. त्याचं उत्तर दुसऱ्या प्रकारचं होतं. सुरुवातीला सेकंदाला साठच्या वर फ्रेम, दहा मिनिटांनी विसाच्या घरात. कार्ड अपुरं असतं तर पहिल्या मिनिटापासून अपुरं पडलं असतं. मी तपमान दाखवणारा प्रोग्राम लावला. गेम सुरू केल्यावर प्रोसेसर चढत चढत ९७ अंश सेल्सिअसवर गेला आणि त्याच क्षणी वेग कोसळला. यात बिघाड नाही, ही त्याची स्वतःला वाचवायची युक्ती आहे. मर्यादा जवळ आली, म्हणजे बहुतेक प्रोसेसरच्या बाबतीत ९५ ते १०० अंशांच्या आसपास, की तो आपला वेग आपणच उतरवतो.

कॅबिनेटचं झाकण काढलं. प्रोसेसरवर ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांचा एक ठोकळा असतो, त्याला हीटसिंक म्हणतात. त्यावर पंखा असतो. पंखा फिरत होता, पण त्याच्याखाली सुताच्या तंतूंची गादी बसली होती, पांढरी, घट्ट, नमद्यासारखी. मी चिमट्यानं धरून ती अखंड उचलली. "कॉम्प्युटर कुठं ठेवलाय?" मी विचारलं. मुलगा म्हणाला, "मागाच्या शेडला लागून खोली आहे, तिथं खाली फरशीवर."

श्रोतेहो, गेमच्या कॉम्प्युटरबद्दलचे सल्ले बहुतेक बाहेरच्या देशांतल्या स्वच्छ, थंड खोल्या डोळ्यांपुढं ठेवून दिलेले असतात. आपल्याकडं यंत्रमागाचे तंतू आहेत, रस्त्याची धूळ आहे, आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीकडं जातो. खोलीच तापलेली असेल तर पंखा गार वारा आणणार कुठून? म्हणून आपल्या भागात गेम अडकला की पहिला संशय उष्णतेवर घ्यावा, कार्डावर नव्हे.

सफाई घरी करता येते. कॉम्प्युटर बंद करून प्लग काढावा. पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवावं, कारण वाऱ्याच्या झोतानं ते गरगर फिरलं तर त्याचं बेअरिंग खराब होतं. मऊ ब्रश आणि हाताचा ब्लोअर पुरेसा आहे. टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा मारू नये. तिचा दाब फार असतो आणि तिच्यात पाण्याचा अंश असतो. हीटसिंक आणि प्रोसेसरच्या मधली थर्मल पेस्ट वाळली असेल तर बदलावी. कॅबिनेट फरशीवर किंवा टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवू नये. लॅपटॉप गादीवर ठेवून खेळू नये, आणि खेळताना चार्जर जोडलेला असावा. बॅटरीवर असताना लॅपटॉप वीज वाचवायला आपला वेग कमी करतो.

उष्णतेशिवाय आणखी काही फुकटातले दोष मी वारंवार बघतो. ग्राफिक्स कार्ड बसवलेलं असतं, पण मॉनिटरची केबल मदरबोर्डाच्या जागेत खोचलेली असते. मग महागडं कार्ड रिकामं बसतं आणि काम प्रोसेसरमधल्या साध्या ग्राफिक्सवर पडतं. केबल खालच्या, कार्डाच्या तोंडात घालावी. दुसरं, ३२०० वेगाची रॅम घेतलेली असते, पण बायोसमधली एक्सएमपी नावाची सोय चालू न केल्यानं ती २१३३ किंवा २४०० वरच चालत राहते. तिसरं, मागे नकळत चालू असलेले प्रोग्राम. ब्राउझरच्या वीस खिडक्या उघड्या ठेवून ८ जीबी रॅमवर गेम सुरू केला तर रॅम भरते आणि कॉम्प्युटर हार्ड डिस्कचा आधार घेतो. मध्येच क्षणभर गोठणं, हा तिसरा प्रकार बरेचदा यातून येतो. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवली तर हे गोठणं कमी होतं. पण एसएसडीनं फ्रेमची संख्या फारशी वाढत नाही, हे आधीच समजून घ्यावं.

ज्यांच्याकडे वेगळं कार्डच नाही, प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर भागवतात, त्यांनी रॅमच्या पट्ट्या मोजाव्यात. हे ग्राफिक्स चित्रं रंगवायला साधी रॅमच वापरतं. डीडीआर-४ प्रकारच्या ३२०० वेगाच्या एका पट्टीतून सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माहिती जाते-येते. दोन पट्ट्या योग्य खाचांत बसवल्या तर ५१.२. म्हणून १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घेणं अशा कॉम्प्युटरला बरं. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव एकदम कडाडले, तेव्हा तर हा विचार खरेदीच्या आधीच करायला हवा.

आणि खेळता खेळता कॉम्प्युटर धीमा न होता एकदम बंदच पडत असेल, तर वीजपुरवठ्याकडे बघावं. स्वस्तातला एसएमपीएस किंवा लहान यूपीएस कार्डाचा वाढलेला भार पेलत नाही. यूपीएसवर ६०० व्हीए लिहिलेलं असतं, ते ६०० वॅट नव्हे. प्रत्यक्षात तो साधारण ३६० वॅटच्या आसपासच असतो.

एवढं सगळं करूनही कार्डच कमी पडतंय असं दिसलं, तरी लगेच बाजारात धावू नये. गेमच्या सेटिंगमध्ये सावल्या आधी कमी कराव्यात, मग दूरवरचं दृश्य, मग रिझोल्यूशन. २०२१ साली एएमडी कंपनीनं एफएसआर नावाचं तंत्र आणलं. त्यात चित्र लहान रंगवून मोठं करून दाखवतात. ज्या गेममध्ये ती सोय आहे तिथं दुसऱ्या कंपन्यांच्या कार्डांनाही तिचा उपयोग होतो.

तरीही घ्यायचंच ठरलं, तर नावावर जाऊ नये. एनव्हिडियाचं जीटी १०३० हे स्वस्त कार्ड २०१७ साली जीडीडीआर-५ मेमरीसह आलं. पुढच्या वर्षी त्याच नावानं साध्या डीडीआर-४ मेमरीचं कार्ड निघालं. पहिल्याच्या मेमरीचा वेग सेकंदाला ४८ जीबी, दुसऱ्याचा १६.८. नाव तेच, माल वेगळा. जुनं कार्ड घेताना तर डोळ्यांत तेल घालावं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची कार्डावरची खाणकामाची पद्धत बंद झाली आणि दिवसरात्र राबलेली ढीगभर कार्डं बाजारात आली. जुन्या कार्डात फेरफार करून ते नव्याच्या नावानं खपवणारेही आहेत. जीपीयू-झेड हा मोफत प्रोग्राम कार्डाची खरी ओळख दाखवतो. पैसे मोजण्याआधी विकणाऱ्यासमोरच तो चालवून बघावा, आणि पंधरा-वीस मिनिटं गेमही खेळून बघावा. यात राग मानण्यासारखं काही नाही. सराफही कस लावताना कुणाचा अपमान करत नसतो.

एक गोष्ट मात्र खरी. काही कॉम्प्युटरना आपली मर्यादा असते. नवा मोठा गेम जुन्या यंत्रावर साफसफाईनं पळायला लागेल, असं मी कुणाला सांगत नाही. पण ती मर्यादा मोजून कळलेली असावी, अंदाजानं नव्हे.

त्या मुलाचा कॉम्प्युटर साफ केला, नवी पेस्ट लावली. तोच गेम अर्धा तास चालवला. तपमान ७४ अंशांवर थांबलं, फ्रेम साठच्या खाली आल्या नाहीत. खर्च दोनशे रुपयांच्या आत. मुलाचं म्हणणं खरं होतं, गेम अडकत होता. वडिलांचं म्हणणंही खरं होतं, बारा हजारांची गरज नव्हती.

वडील बराच वेळ ती सुताची गादी हातात धरून बघत होते. मग मुलाकडे वळून म्हणाले, "माग रोज पुसतो की रं आपण. ह्यो बी पुसायचा असतो, एवढंच बोलला असतास तर?" मुलगा म्हणाला, "मला तरी कुठं ठाऊक होतं, पप्पा?"

निघताना मुलानं माझ्याकडून एक ब्रश मागून घेतला. हल्ली दर पंधरा दिवसांनी माग पुसून झाले, की दोघं मिळून कॉम्प्युटरचं झाकण उघडतात, असं मध्यंतरी कळलं.