चालकाचे तास आणि नोंदयंत्राची साक्ष



लांब पल्ल्याच्या मालवाहतुकीत चालकाची झोप हा त्याच्या एकट्याचा प्रश्न राहत नाही. मालाने भरलेले अवजड वाहन महामार्गावर धावत असता त्याचा क्षणभर डोळा लागला, तर त्याची किंमत वाटेवरील अनोळखी माणसांनाही मोजावी लागते. हे ओळखून अमेरिकेत १९३० च्या दशकातच चालकांच्या कामाच्या तासांवर बंधने घालण्यात आली. परंतु किती तास वाहन चालविले याचा पुरावा कोणी द्यावयाचा, हा प्रश्न पुढे कित्येक दशके रेंगाळत राहिला.

हा पुरावा चालकाच्याच हातची नोंदवही देत असे. चोवीस तासांचा चौकटीचा आराखडा आणि त्यात चार ओळी : सुटी, केबिनमधील झोप, वाहन चालविणे आणि वाहन न चालविता केलेले अन्य काम. या ओळींवरून रेघ ओढली की दिवस नोंदला गेला. रेघ कोठे वळवावयाची हे ओढणाराच ठरवी. चालक थट्टेने या वहीला चित्रकथांचे पुस्तक म्हणत, यातच सारे आले.

२०१२ साली अमेरिकी काँग्रेसने इलेक्ट्रॉनिक नोंदयंत्राची तरतूद केली, २०१५ च्या डिसेंबरात नियम प्रसिद्ध झाले आणि १८ डिसेंबर २०१७ पासून त्यांचा अंमल सुरू झाला. पूर्वीपासून बसविलेल्या जुन्या पद्धतीच्या यंत्रांना डिसेंबर २०१९ पर्यंत मुदत मिळाली. २००० सालापूर्वीच्या इंजिनांची वाहने आणि जवळच्या अंतरावर फिरणारे काही चालक यांना सूट आहे. हे यंत्र इंजिनाशी जोडलेले असते. वाहनाने ताशी ५ मैलांचा वेग गाठला की 'वाहन चालविणे' ही नोंद आपोआप सुरू होते. अन्य नोंदी चालकाला कारण देऊन दुरुस्त करता येतात, पण मूळ नोंद पुसली जात नाही, आणि आपोआप नोंदला गेलेला चालविण्याचा वेळ कमी करता येत नाही.

माल वाहणाऱ्या चालकासाठी मुख्य नियम असा : सलग १० तासांच्या सुटीनंतर १४ तासांची मुदत सुरू होते, आणि तीत ११ तासच वाहन चालविता येते. ८ तास चालविल्यावर निदान ३० मिनिटांचा खंड आवश्यक असतो. आपल्याकडे १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने सर्वसाधारणपणे दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती; ती पाळली गेल्याचा पुरावा मात्र कागदी नोंदीतच शोधावा लागे.

यंत्र बसविले म्हणजे काम संपले, असा समज करून घेणाऱ्या कंपन्या लवकरच अडचणीत येतात. आवारात मेकॅनिकने वाहन हलविले तरी यंत्र ती नोंद करते, आणि ती कोणाच्या नावावर टाकावयाची याचा उलगडा सुरक्षा व्यवस्थापकाला करावा लागतो. यंत्र बिघडले तर चालकाने २४ तासांच्या आत कंपनीला लेखी कळवावयाचे, कंपनीने सामान्यतः ८ दिवसांत ते दुरुस्त करावयाचे, आणि तोवर पुन्हा जुना कागद! म्हणूनच ८ दिवस पुरतील एवढे कोरे तक्ते केबिनमध्ये ठेवण्याचे बंधन आहे. नोंदी ६ महिने जपून ठेवाव्या लागतात. व्यवस्थापकाने सुचविलेली दुरुस्तीही चालकाच्या संमतीखेरीज ग्राह्य धरली जात नाही. यंत्राचा उपयोग चालकाचा छळ करण्यासाठी होऊ नये, असेही नियमात स्पष्ट म्हटले आहे.

तरीही खरी मेख १४ तासांच्या मुदतीत आहे. समजा, सकाळी ६ वाजता कामावर आलेला चालक ७ वाजता गोदामाच्या दाराशी पोहोचला आणि माल चढेपर्यंत दुपारचा १ वाजला. त्याने फारसे वाहन चालविलेले नाही, पण रात्री ८ नंतर त्याला ते चालविता येणार नाही. तेथे अनेक चालकांना मोबदला मैलांवर मिळतो. गोदामापुढे गेलेला वेळ पगारातही धरला जात नाही. मग उरलेल्या तासांत अंतर कापण्याची घाई होते. अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या महानिरीक्षक कार्यालयाने २०१८ च्या अहवालात असे अनुमान काढले की, माल चढविण्या-उतरविण्याच्या ठिकाणी थांबण्याची सरासरी १५ मिनिटांनी वाढली तर अपघातांचे अपेक्षित प्रमाण ६.२ टक्क्यांनी वाढते. सक्तीनंतरच्या एका विद्यापीठीय अभ्यासातही तासांचे उल्लंघन घटले, परंतु अपघात घटल्याचे दिसले नाही. लहान कंपन्यांच्या चालकांमध्ये वेगमर्यादा मोडण्याचे प्रमाण उलट वाढलेले आढळले. यंत्र तास मोजते. थकवा आणि घाई मोजणे त्याच्या आवाक्यात नाही.

जाणता सुरक्षा व्यवस्थापक म्हणून नोंदी केवळ तपासनीसासाठी साठवीत नाही. कोणत्या गोदामापुढे वाहने नेहमी अडकतात हे त्या नोंदींवरून पाहून तो फेऱ्यांच्या वेळा बदलतो. थांबण्याचे दोन तास उलटल्यावर गोदामाकडून वा माल पाठविणाऱ्याकडून विलंब-आकार मागण्याची तेथे प्रथा आहे. त्या मागणीला पूर्वी चालकाच्या शब्दाखेरीज आधार नसे. आता वाहन कोठे व किती वाजल्यापासून उभे होते, हे तेच यंत्र सांगते.