तण हेच धन

(इंग्लंडमधल्या एका महाराष्ट्र मंडळाच्या वसंत व्याख्यानमालेत गुंफलेलं तिसरं पुष्प. शब्दांकन संक्षिप्त.)



आपल्याकडे देवळात गेलं की गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतं. त्याला नमस्कार करायचा आणि पुढे व्हायचं. ते काय खात असेल, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो पडला इथे, बारा वर्षांपूर्वी. शेजारच्या आजी वृद्धाश्रमात राहायला गेल्या आणि त्यांचं चाळिशी गाठलेलं हर्मन जातीचं कासव आमच्या परसात आलं.

पाहुणा आला की आधी पान वाढायचं, ही आपली रीत. आम्हीही वाढलं. काकडी, टोमॅटो, केळ्याचे काप, वर चार पानं पालक. पाहुण्याने सगळं फस्त केलं आणि पंधरा दिवसांत त्याचं पोट बिघडलं. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी आमचा 'मेनू' शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाल्या, ''हिरवळीतलं तण उपटून फेकता ना? ते याला घाला.''

मी शेतकऱ्याच्या घरातला. 'तण खाई धन' ऐकतच मोठा झालो. शाळेच्या सुट्ट्या खुरपं हातात घेऊन गेल्या. आणि आता पन्नाशीत मला कोणी तरी तण पेरायला सांगत होतं! आज या उलट्या शेतीबद्दल बोलायचं आहे.

आधी कारण पाहू. हे कासव मूळचं स्पेनपासून बाल्कनपर्यंतच्या भूमध्यसागरी टापूतलं. तिथल्या कोरड्या उतारांवरचं चरबट तण खाऊन त्याची जात टिकली. त्याच्या मोठ्या आतड्यातले सूक्ष्मजीव हा चोथा सावकाश आंबवतात. त्यात केळ्याची साखर पडली की ती घडी विसकटते. दुसरी गोष्ट कॅल्शियमची. कवच म्हणजे हाडच, त्यामुळे आहारात फॉस्फरसपेक्षा कॅल्शियम निदान दुपटीने हवं. शंभर ग्रॅम टोमॅटोत कॅल्शियम सुमारे १० मिलिग्रॅम आणि फॉस्फरस २४. केळ्यात ५ आणि २२. हिरवळीत उगवणाऱ्या डँडेलायन या तणाच्या पानांत मात्र कॅल्शियम १८७ आणि फॉस्फरस ६६. पालक कागदावर पास होते, पण तिच्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही. आणि मिळालेलं कॅल्शियम शोषायला ड जीवनसत्त्व लागतं, म्हणजे ऊन हवं. घरात ठेवलं तर अतिनील किरणांचा दिवा हवा.

हे ज्ञान आजचं नाही. गिल्बर्ट व्हाइट नावाचे पाद्री हॅम्पशरमधल्या सेल्बोर्न गावी राहत. आत्याकडचं 'टिमथी' नावाचं कासव १७८० साली त्यांच्याकडे आलं. १७८९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी नोंदवलंय, की लेट्यूस, डँडेलायन, सो-थिसल अशा चीक निघणाऱ्या वनस्पती कासवाला फार आवडतात. टिमथी खरं तर मादी होती, हे नंतर कळलं. तिचं कवच लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे.

चीक म्हटल्यावर मला आपली पाथरी आठवली. पावसाळ्यात बांधावरून खुडून आणलेल्या पाथरीची भाजी आपल्यापैकी अनेकांनी खाल्ली असेल. पाथरी आणि डँडेलायन एकाच कुळातल्या. मग मी बाकीच्यांचीही सोयरीक शोधली. इथल्या हिरवळीत जमिनीला चिकटून वाढणारं प्लँटेन म्हणजे आपल्या इसबगोलाचं भावंड. मॅलो ही जास्वंद, अंबाडी, भेंडी यांच्या गोतातली. जास्वंदीची फुलं तर कासव गणपतीच्याच आवडीने खातं. तुतीची पानं, द्राक्षाची पानं, काटे काढलेला फड्या निवडुंगही चालतो. क्लोव्हर मात्र बेताने, कारण त्यात प्रथिनं जास्त.

आता पेरणी. रोपवाटिकेतून तयार रोप आणून लगेच कासवापुढे ठेवू नका. त्यावर कीटकनाशक मारलेलं असू शकतं आणि काही औषधं झाडाच्या अंगातच भिनतात. बियाणं आणा, स्वस्तही पडतं. माती साधी, खताच्या रंगीत गोळ्या नसलेली. कासव त्या गोळ्याही गिळतं. डँडेलायनचं बी मातीवर भुरभुरायचं, खोल पुरायचं नाही, कारण रुजायला त्याला उजेड लागतो.

माझी पहिली पेरणी बुडाली. कोवळे अंकुर दिसले आणि आमच्या पाहुण्याने सगळा वाफा रणगाड्यासारखा सपाट केला. तेव्हापासून मी तीन ट्रे ठेवतो. एक चरायला, एक सावरायला, एक नव्या पेरणीचा. चरायच्या ट्रेवर जाळी थोडी उंच बसवतो, म्हणजे कासवाला शेंडे मिळतात आणि मुळं वाचतात. दर तीन आठवड्यांनी मूठभर बी टाकतो. आपल्याकडे गुरांना कुरण पाळीपाळीने राखून ठेवतात, तेच इथे हातभर जागेत.

काय घालू नये, हे त्याहून महत्त्वाचं. वसंतात या देशात जे जे डोळ्यांत भरतं, त्यातलं बरंच विषारी. डॅफोडिल, फॉक्सग्लव्ह, ऱ्होडोडेंड्रॉन, लिली ऑफ द व्हॅली, पिवळं बटरकप. कुंपणाचा यू आणि परसातल्या रुबार्बची पानंही त्यातलीच. कण्हेर विषारी, हे तुम्हाला सांगायला नको. पान ओळखू आलं नाही तर ते कासवाचं नाही, एवढा एक नियम पाळा. रस्त्याकडेचं आणि जिथे कुत्री फिरवतात तिथलं तणही नको.

समोर बरेच आजी-आजोबा दिसतात, नातवंडांना भेटायला आलेले. त्यांच्यासाठी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. इथे हर्मन कासव पाळता येतं, विकायचं तर प्रमाणपत्र लागतं. भारतात गेल्यावर मात्र माझा हा प्रयोग करू नका. आपलं स्टार कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. ते घरी ठेवणं गुन्हा आहे आणि त्याला किमान तीन वर्षांची कैद आहे. २०१९ साली त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंदी आली. घरात कासव असलं की लक्ष्मी येते, असं सांगून कोणी पिशवीतून पिल्लू दाखवलं तर वनखात्याला कळवा. भरभराटीसाठी देवळातलं दगडी कासव पुरेसं आहे. ते काही खातही नाही.

शेवटचं सांगतो. आमचं कासव आता बावन्न वर्षांचं आहे, मी बासष्टचा. नीट सांभाळलं तर ते माझ्यामागे राहील. म्हणून गेल्या शरदात मी बी गोळा केलं, कागदी पुड्यांत भरलं आणि प्रत्येक पुडीवर नाव, पेरायचा महिना आणि 'याच्यासोबत क्लोव्हर कमी' असं मराठीत लिहून ठेवलं. मुलीला मराठी वाचता येतं. पुड्या स्वयंपाकघरात मोहरीच्या डब्याशेजारी आहेत.