मेरी स्यू म्हणजे कोण?

अमेरिकेत १९६६ साली टीव्हीवर ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळयानाची मालिका सुरू झाली. ती आवडणाऱ्या बायका त्यातल्याच माणसांच्या नव्या गोष्टी लिहायला लागल्या. टाइप करून, अंक काढून टपालानं एकमेकींना पाठवायच्या. अशी चाहत्यांनी लिहिलेली गोष्ट म्हणजे ‘फॅनफिक’. कर्क आणि स्पॉक या दोन पुरुषांच्या प्रेमाची गोष्ट म्हणजे ‘स्लॅश’. त्यांच्या नावांमधल्या तिरक्या रेघेवरून ते नाव पडलं.

१९७३ मध्ये पॉला स्मिथ यांनी एक छोटी विनोदी गोष्ट लिहिली. नायिका मेरी स्यू. वय साडेपंधरा, ताफ्यातली सगळ्यांत लहान लेफ्टनंट, अन् सगळंच येणारी! थट्टा होती ती अतिशयोक्तीची. पण पुढं गोष्टीत कर्तबगार बाई दिसली, की ‘ही मेरी स्यू’ असा शिक्का बसू लागला. त्या भीतीनं काही लेखिकांनी बायकांची पात्रं लिहिणंच टाळलं. पुरुष नायक सगळं जिंकतो, तेव्हा मात्र फारसं कुणी हसत नाही.

तुमच्या गटात एखादीनं स्वतःलाच नायिका करून गोष्ट लिहिली, तर हसू नका. आधी शेवटपर्यंत ऐका.