माशांच्या टाकीला हीटर केवढा?



घरांतील कांचेच्या टाकींत मासे पाळण्याची हौस आतां गांवोगांवीं दिसते. या हौशी मंडळींपैकीं पुष्कळांना थंडीच्या आरंभीं एक प्रश्न पडतो. तो असा कीं, पाणी उबदार ठेवण्यासाठीं हीटर किती वॅटचा घ्यावा? आज त्याचाच विचार करूं.

प्रथम हीटर कोणास हवा तें पाहूं. गोल्डफिश हा थंड पाण्यांत रमणारा मासा. त्याला आपल्याकडे हीटरची गरज नाहीं. परंतु गप्पी, फायटर, एंजल, टेट्रा हे उष्ण प्रदेशांतील मासे. त्यांस सामान्यतः २४ ते २७ अंश सेल्सिअस उष्णतामान मानवतें. मुंबईस हीटरची निकड क्वचितच भासते. पुणें, नाशिक, नागपूर या बाजूस मात्र हिंवाळ्यांतल्या कांहीं रात्रीं पारा १० अंशांच्या आसपास उतरतो व घरांतील खोल्याही गार पडतात. हे मासे स्वतःच्या अंगीं ऊब राखूं शकत नाहींत. पाणी थंडावलें कीं ते मंदावतात, अन्न टाकतात आणि रोगास बळी पडतात.

‘लिटरला एक वॅट’ असा ठोकताळा पुष्कळ जण सांगतात. तो वाईट नाहीं. पण त्याचा अर्थ समजून घेतला पाहिजे. एक लिटर पाणी एक अंशानें तापविण्यास सुमारें ४१८६ जूल उष्णता लागते, आणि एक वॅट म्हणजे सेकंदास एक जूल. अर्थात् या मापाचा हीटर पाणी एक अंश चढविण्यास ४१८६ सेकंद, म्हणजे सुमारें ७० मिनिटें घेईल. तेंही टाकींतील उष्णता मुळींच बाहेर जात नसेल तर. प्रत्यक्षांत ती कांचेंतून व पाण्याच्या पृष्ठभागावरून सतत जात असते, आणि पाणी व खोली यांच्या उष्णतामानांत जितकें अंतर अधिक, तितकी ती वेगानें जाते. म्हणून टाकी केवढी एवढेंच विचारून भागत नाहीं. खोली किती गार होते, हेंही विचारलें पाहिजे.

याचें उत्तर टाकीच देते. मासे सोडण्यापूर्वीं एखाद्या गार रात्रीं तींत २६ अंशांचें पाणी भरावें, झांकण ठेवावें आणि कांच व वाळू तापण्यास अर्धा तास द्यावा. मग पाणी ढवळून उष्णतामान टिपावें व ७० मिनिटांनीं पुन्हां टिपावें. पाणी जितके अंश उतरलें असेल, सुमारें तितके वॅट दर लिटरला नुसती तूट भरून काढण्यास हवेत. समजा, टाकी ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद व ३० उंच आहे. ती कांठोकांठ ५४ लिटरांची. वरची मोकळी जागा व तळची वाळू वजा जातां पाणी सुमारें ४५ लिटर. तें एक अंश उतरलें, तर ४५ वॅट केवळ तोल सांभाळण्यांतच खर्च झाले. तेथें ५० वॅटचा हीटर रात्रभर अखंड चालेल आणि अधिक गार रात्रीं हरेल. ७५ किंवा १०० वॅटचा घेणें शहाणपणाचें.

मग सर्वांत मोठाच कां घेऊं नये? हा धडा मीं फार महाग शिकलों. माझ्या नातवाच्या २५ लिटरांच्या टाकींत मींच २०० वॅटचा हीटर बसविला होता. एका रात्रीं त्याचा थर्मोस्टॅट चिकटला आणि प्रवाह तुटेनाच. लिटरला ८ वॅट, म्हणजे नऊ मिनिटांस एक अंश! तूट वजा धरली, तरी दोन-तीन तासांत तें पाणी माशांना असह्य झालें असलें पाहिजे. सकाळीं नातू मला कांहीं बोलला नाहीं. तो नुसता टाकीकडे पाहत उभा राहिला. मुलांना त्रैराशिक शिकविण्यांत माझा जन्म गेला, आणि घरचें त्रैराशिक मात्र मांडावयाचें राहून गेलें.

म्हणून हीटर गरजेहून थोडा मोठा असावा, फार मोठा नसावा. टाकी मोठी असल्यास २०० वॅटच्या एकाऐवजीं १०० वॅटचे दोन, दोन टोकांस लावावेत. एक बंद पडला तर दुसरा कांहीं काळ सांवरतो. एक चिकटला तरी अनर्थ सावकाश होतो व आपणांस सांवध होण्यास वेळ मिळतो. हीटर वाहत्या पाण्याजवळ ठेवावा, आणि त्याच्यावरील आंकड्यावर न विसंबतां वेगळा तापमापक टाकींत असूं द्यावा. पाण्यांत हात घालण्यापूर्वीं वीज बंद करून प्लग काढावा. आणि पाणी बदलतांना हीटर निवल्यावरच उघडा पडूं द्यावा, नाहीं तर त्याची कांच तडकते.

मासा मुका प्राणी. पाणी गार झालें काय किंवा कढत झालें काय, तो हांक मारूं शकत नाहीं. त्याच्या वतीनें हिशेब करावयाचा तो आपणच. तेवढा अर्धा कागद खर्च करावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतों.