विधेयक दिल्लीत अडलं, तेव्हा…

20 ऑगस्ट 2024 आठवतो ना? बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाला होता… आणि बदलापूर स्टेशनात लोक रुळांवर उतरले. राग पोलिसांच्या दिरंगाईवरही होता. तेव्हा महिला आणि मुलांवरील अत्याचारांना कडक शिक्षा सुचवणाऱ्या महाराष्ट्राच्या एका विधेयकाचं नाव पुन्हा निघालं… शक्ती.

विधिमंडळानं ते डिसेंबर 2021 मध्ये मंजूर केलं. राष्ट्रपतींच्या संमतीसाठी ते दिल्लीला गेलं… आणि तिथेच अडलं. संमती किती दिवसांत द्यायची? घटनेच्या 201 व्या कलमात मुदत नाही. एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी तीन महिन्यांची मुदत घातली. राष्ट्रपतींनी यावर न्यायालयाचंच मत मागवलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या घटनापीठानं सांगितलं… न्यायालय अशी मुदत घालू शकत नाही.

हे मला पटतं. घटनेत मुदत नाही, तर ती संसदेनं घटनादुरुस्ती करून घालावी. कुणी म्हणेल, शक्तीतल्या फाशीच्या तरतुदी केंद्रीय कायद्यांशी जुळत नव्हत्या, विचाराला वेळ हवाच. हवा, कबूल! पण आक्षेप कळवून विधेयक परत पाठवायची सोय त्याच कलमात आहे. परत आलं, की विधिमंडळानं सहा महिन्यांत फेरविचार करायचा. म्हणजे बघा, आमदारांना मुदत आहे… राष्ट्रपतींना मुदत नाही. इकडे शक्ती विधेयक ज्या भारतीय दंड संहितेत बदल सुचवत होतं, तिची जागा 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेनं घेतली. बदलापूरच्या आंदोलनाआधी… जेमतेम सात आठवडे.